खंडोबाचा पासवर्ड

सायलीच्या लग्नाची सुपारी फुटली, तेव्हा भर बैठकीत उभं राहून मी म्हणालो, "पत्रिका छापायच्या नाहीत. पेपरलेस लग्न करायचं!"

कुणी विचारलं होतं का मला? नव्हतं. पण मुलाकडचे पाहुणे पुण्याचे, आणि त्यांच्यातल्या एका गोऱ्यापान काकांनी चहा पिता पिता म्हटलं होतं, "शिरूरला नेट वगैरे येतं का हो?" आता बोला! साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात हाडं झिजवून रिटायर झालेला माणूस मी. माझ्या घरात, फ्रिजच्या शेजारी, माझा स्वतःच्या मालकीचा मेल सर्व्हर आहे. म्हणजे घरचं पोस्ट ऑफिसच. सगळं जग दुसऱ्याच्या पोस्टात पत्रं टाकतं, भारत काळे आपल्या पोस्टातून पाठवतो. त्याचा उपयोग काय, असं माझी बायको अनुपमा गेली कित्येक वर्षं विचारते आहे. उत्तर द्यायची संधी आता आली होती.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त एका माणसानं वाजवल्या नाहीत. तो म्हणजे अनुपमाचा थोरला भाऊ, राहू गावचे मारुतराव.

मारुतरावांचं एक दुखणं होतं. आमच्या वास्तुशांतीचं आमंत्रण त्यांना व्हॉट्सॲपवर गेलं होतं आणि त्याच्यावर बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' असं आलं होतं. माणूस आला नाही. वर फोन करून म्हणाला, "दाजी, मला फॉरवर्ड केलं? मी काय सकाळचा सुविचार हाय?" त्यानंतर आमच्या घरचा चहा त्यांनी घेतला नव्हता. सुपारीलाही पाण्यावरच बसले होते.

बैठक उठताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "पेपरलेस करा नाहीतर काय बी करा. पण ह्या टायमाला माझ्या नावानं आमंत्रण पाहिजे. माझं पुरं नाव, श्री लावून. नाव आलं तर मी मांडवात उभा. न्हाई आलं तर पोरीच्या मागं दुसरा मामा उभा करा."

दुसरा मामा आणायचा कुठून? सायलीला एकच मामा. लहानपणी तिला सायकल शिकवली ती मामानं, आणि पडल्यावर सायकलला काठीनं बडवलं तेही मामानंच. सायली मला म्हणाली, "बाबा, मामा मागं उभा नसेल तर मी पाटावर चढणार नाही. आधीच सांगून ठेवते." पोरगी माझ्यावर गेली आहे, म्हणजे ती चढणार नव्हतीच.

मी म्हणालो, "काळजी कशाला? प्रत्येकाला त्याच्या नावानं मेल जाईल. बटण दाबलं की सगळ्या भावकीला, सोयऱ्यांना एका दमात!"

तो दम पुढं माझाच लागला.

पहिली अडचण आमच्या मूळ गावाहून, निमोण्याहून आली. आमच्या भावकीतले वडीलधारे म्हाळूआप्पा एस.टी.नं येऊन सोफ्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पहिली पत्रिका कुणाला?"

"आप्पा, सगळ्यांना एकदमच जाणार."

"एकदम? म्हंजी देवाला आन् दगडूला एकाच टायमाला? आरं, पहिला मान खंडोबाचा. मग भावकी, थोरल्यापासनं धाकट्यापर्यंत. मग सोयरे. ह्याच्यात बदल केलास तर मी येणार न्हाई, आन् मी न्हाई आलो तर निमोण्यातनं कुत्रं बी येणार न्हाई."

आता खंडोबाला मेल पाठवायचा कुठं? मी देवस्थानाच्या ऑफिसचा पत्ता सुचवला. आप्पा भडकले. "तो ट्रस्टींचा पत्ता झाला. मी ट्रस्टींना बोलवतोय व्हय?"

मग मी माझ्याच सर्व्हरवर खंडोबाच्या नावानं नवा मेलबॉक्स उघडला. त्याला पासवर्ड द्यायला लागलो तर आप्पांनी माझा हात धरला. "देवाच्या घराची किल्ली आपुन ठेवायची न्हाई भारता. तो देवाचा, देवच ठेवील."

म्हटलं, ठीक. पासवर्डचा रकाना रिकामा ठेवला. नंतर बघू म्हणून ठेवला आणि पार विसरलो. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला हुशार समजायला नको.

आणि मानपानाचा क्रम मोडू नये म्हणून मी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. काय सुंदर प्रोग्रॅम होता! सर्व्हरनं आधी देवाला मेल द्यायचा. देवानं घेतला की बाकीचे धडाधड सोडायचे. देवाकडून होकार आला नाही तर अदबीनं बराच वेळ थांबायचं, मग काम अडू नये म्हणून फक्त एक पत्रिका पुढं जाऊ द्यायची, की परत देवाकडं. देवाचा मान राहिला, भावकीचा क्रम राहिला. मी अनुपमाला दाखवला. ती म्हणाली, "भेंडी चिरून ठेवा."

लोकांचे मेल आयडी गोळा करण्यात मात्र माझी लाज निघाली. फोनवर 'मेल आयडी सांगा' म्हटलं की एक जण आधार नंबर सांगे, दुसरा गाडीचा नंबर सांगे. एका मावशीनं "मेल न्हाई बाबा, आमच्यात सगळी फीमेलच हाय" असं सांगून फोन ठेवला. पण निमोण्याची भावकी शहाणी निघाली. तिथून सगळ्यांचे आयडी एका दिवसात आले. सगळे अगदी एकसारखे दिसत होते, पण घाईत मी म्हटलं, भावकी आहे, सारखी दिसणारच.

चांगला मुहूर्त बघून बटण दाबलं. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं होतं. अनुपमा, सायली आणि मी पडद्याकडं बघत उभे राहिलो. पडद्यावर काहीच हलेना. बऱ्याच वेळानं एक ओळ सरकली. एक पत्रिका गेली होती.

"छान," अनुपमा म्हणाली. "आता दुसरी कधी?"

दुसरी जेवणं झाल्यावर गेली. तिसरी, वामकुक्षी करून उठलो तेव्हा. ह्या वेगानं भावकी संपून सोयऱ्यांपर्यंत, म्हणजे मारुतरावांपर्यंत, पत्रिका पोचली असती ती सायलीच्या मुलाच्या बारशाला.

"दादाला गेली का?" अनुपमानं विचारलं.

"जाईल, रांगेत आहे." तिच्या डोळ्यांकडं बघून मी मारुतरावांच्या नावापुढचं 'पुन्हा पाठवा' हे बटण दाबलं. तीही पत्रिका रांगेतच जाऊन बसली. पुढं हा नेमच झाला. ती कणीक मळताना विचारायची, "दादाला गेली का?" मी दाबायचो. कपडे वाळत घालताना विचारायची, मी दाबायचो. तिचा आवाज चढला की मी चार-पाचदा दाबायचो. तिला वाटायचं काहीतरी होतंय. मलाही वाटायचं.

आमच्या कॉलनीत गोष्ट लपत नाही. शेजारचे धम्मदीप सर, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. ते बर्म्युडावर आले आणि सर्व्हरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "काळे, फ्रिज. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमुळं होतंय." मग फ्रिज हलवला. फ्रिजच्या मागून तीन वर्षांपूर्वी हरवलेली कवळी निघाली, माझ्या सासूबाईंची, पण मेल काही सुटले नाहीत. सर म्हणाले, "मग अर्थिंग." अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरला. वेग तोच.

वरच्या मजल्यावरच्या सोजरबाई म्हणाल्या, "अवो भाऊजी, दृष्ट लागली हाय त्याला. पुण्याच्या पाव्हण्यांसमोर बडबड कोण करत होतं?" मी विज्ञानवादी माणूस आहे. मी स्पष्ट नकार दिला. संध्याकाळी घरी आलो तर सर्व्हरवर मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या होत्या, आणि त्यातल्या काही पंख्यात गेल्या होत्या. त्यानंतर तो सर्व्हर चालू असताना घरात कुणीतरी सतत फोडणी देतंय असा आवाज येतो.

समोरचा सतीश, ट्रॅक्टरचा धंदा करतो. तो म्हणाला, "काका, एकेक करून कशाला सोडताय? आम्ही एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावतो की!" त्याला क्रमाचं, मानपानाचं महत्त्व समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. तो म्हणाला, "मग पुढची ट्रॉली पंक्चर असंल," आणि निघून गेला. ह्या अडाण्याशी कशाला बोलायचं म्हणून मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

माझं निदान वेगळं होतं. दोष इंटरनेट कंपनीचा! मी ज्या कंपनीचं नेट घेतलंय तिचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. तिच्या शिरूरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "हे दौंडला होतं." दौंडला गेलो. तिथं एक साहेब डबा खात होते. त्यांनी मला डबा संपेपर्यंत उभं केलं आणि मग विचारलं, "एकदम एवढे मेल कशापायी?"

"मुलीचं लग्न आहे."

"एवढे मेल म्हंजी बल्क. बल्क म्हंजी धंदा. लग्न हा तुमचा धंदा हाय का?"

"अहो, एकुलत्या एका मुलीचं लग्न आहे!"

"मग घरगुती कारण दाखवा. पुरावा लागंल. विवाह नोंदणीचा दाखला जोडा."

"लग्न व्हायचंय अजून!"

"मग झाल्यावर या," साहेब म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. बडीशेप मात्र देऊ केली. मी ती बाणेदारपणे नाकारली आणि नंतर परतीच्या एस.टी.त पस्तावलो.

घरी येतो तो निमोण्याहून आप्पांचा फोन. "भारता, भावकी पेटलीय. एकाला बी पत्रिका न्हाई. तू म्हणतोस गेल्या. गेल्या कुठं?"

पडद्यावर तर निमोण्याची बरीच नावं 'पोचली' दाखवत होती. आता हा माझ्या इज्जतीचा प्रश्न होता. मी मोटारसायकल काढून तडक निमोण्याला गेलो. चौकात पप्पूचं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, पोरांचे दाखले, सगळं तिथंच होतं. पप्पू म्हणजे चांगला दोन पोरांचा बाप, मिशीवाला माणूस. मला बघताच खुर्चीवरून उठला आणि चक्क पाया पडला.

"काका, किती मान देताय! रोज पाच-सात पत्रिका येत्यात तुमच्या. बायकोला म्हणलं, आपल्याला असं कुणीच बोलवलं न्हवतं. पोरांना कापडं घेतली, टेम्पो सांगून ठेवलाय."

भिंतीवर त्यानं सगळ्या पत्रिका प्रिंट काढून ओळीनं चिकटवल्या होत्या. पेपरलेस लग्नाच्या!

मग उलगडा झाला. गावातल्या कुठल्याही फॉर्मवर मेल आयडीचा रकाना आला की पप्पू आपलाच आयडी टाकतो. अख्ख्या निमोण्याचा मेल आयडी एकच, पप्पूचा. माझी शहाणी भावकी एकाच डब्यात राहत होती.

"पप्पू," मी म्हणालो, "वरची नावं वाच. ह्या तुला नाहीत. ज्याच्या त्याला देऊन ये."

त्यानं वाचली. चेहरा पडला. "म्हंजी काका, माझी एक बी न्हाई?"

ज्या माणसानं माझ्या पत्रिका देवाच्या तसबिरींशेजारी लावल्या, त्याचंच नाव माझ्याकडं नव्हतं. म्हटलं, "तुला मी तोंडी सांगायला आलोय ना! टेम्पो घेऊनच ये." तो पुन्हा पाया पडला आणि पत्रिका वाटायला निघाला. म्हणजे निमोण्याची भावकी एकदाची मार्गी लागणार होती. पण मारुतराव तसेच होते, आणि लग्न अगदी तोंडावर आलं होतं.

घरी सायली सर्व्हरसमोर बसली होती. मेंदीवाली यायची होती, म्हणून हात अजून मोकळे होते.

"बाबा, हा पहिला कोण? सारखा म्हणतोय, मेलबॉक्स तयार नाही, नंतर या."

"दौंडचा साहेब असेल."

"नाही. खंडोबा."

पासवर्ड! पासवर्ड दिल्याशिवाय मेलबॉक्स चालू होत नाही, हे मीच तर सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. देवाचा डबा बंद, म्हणून दर वेळी देवाशी थांबायचं, एक पत्रिका सोडायची, की परत देवाशी. सतीशची पंक्चर ट्रॉली! मी त्याला अडाणी म्हणालो होतो, ते शब्द मनातल्या मनात गिळले. तोंडावर मागं घेतले नाहीत, आधीच त्याचा रुबाब फार.

"देऊन टाकू का काहीतरी पासवर्ड?" सायली म्हणाली.

देववेना. आप्पांना फोन केला. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, पिशवीत भंडारा आणि नारळ घेऊन. म्हणाले, "पासवर्ड द्या, पण तो कुणाला बी कळता कामा नये. मला बी न्हाई." त्यांनी कीबोर्डवर भंडारा उधळला, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी बटणं बडवली. पडद्यावर ठिपके उमटले. आम्ही "येळकोट येळकोट जय मल्हार" केलं. आणि कॉम्प्युटरनं विचारलं, पासवर्ड पुन्हा टाका.

"पुन्हा?" आप्पा गरजले. "एकदा दिला की! ह्याला देवाच्या शब्दावर इस्वास न्हाई?"

पुन्हा बडवला. जुळला नाही. तिसऱ्यांदा बडवला, तरी नाही. धम्मदीप सर बर्म्युडावर येऊन उभे राहिले होते, ते संभाव्यता समजावून सांगायला लागले. सोजरबाई मोहऱ्या आणायला वर गेल्या. शेवटी अनुपमा स्वयंपाकघरातून आली, आप्पांच्या पिशवीतला नारळ घेतला आणि कीबोर्डवर ठेवला. ठिपके भराभर उमटत गेले आणि रकाना भरल्यावर थांबले. "आता खालच्या रकान्यात तसाच ठेवा. त्याच जागी, शेंडी भिंतीकडं." तसाच ठेवला. जुळला! आता तो पासवर्ड फक्त खंडोबाला आणि नारळाला माहीत आहे, आणि तो नारळ आम्ही लगेच फोडला.

पण पडद्यावर पुन्हा सामसूम. "पुढचा प्रयत्न थोड्या वेळानं," असं सर्व्हर म्हणाला.

अनुपमाचा बांध फुटला. "खड्ड्यात गेलं तुमचं पेपरलेस! माझा एक भाऊ आहे. माझ्या लेकीच्या मागं तो उभा राहिला नाही तर जन्मभर तुमच्याशी बोलणार नाही." डोळ्यांत पाणी आणि हातात कुंकवाची वाटी. "घ्या हे. राहूला जा. तोंडानं बोलवा."

मी गाडी काढली. न्हावरे, पारगाव करत राहूला पोचेपर्यंत डोक्यात एकच, ह्या माणसासमोर आता नाक घासायचं. मारुतराव पडवीत खुर्ची टाकून बसले होते. "या," एवढंच म्हणाले. पाणी आलं. चहा आला. दोघंही उसाकडं बघत बसलो. मी वाटी पुढं केली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. टिंग.

त्यांनी चष्मा लावला. "श्री. मारुतराव..." वाचता वाचता बोट 'श्री'वर थांबलं. टिंग. परत वाचलं. "श्री. मारुतराव..." टिंग, टिंग, टिंग. तिकडं खंडोबानं मेल घेतला होता, आणि अनुपमानं कणीक मळताना विचारलेलं, कपडे वाळत घालताना विचारलेलं, आवाज चढवून विचारलेलं, माझं सगळं बटण दाबणं एकदम राहूत येऊन पडत होतं. फोन थरथरत खुर्चीच्या हातावरून खाली गेला, तरी वाजतच होता. आतून त्यांची बायको आणि गोठ्यातून गडी धावत आले. मारुतराव प्रत्येक पत्रिका उघडून नाव बघत होते.

"दाजी," ते म्हणाले, "एवढा आग्रह? आमच्या सात पिढ्यांत असा आग्रह कुणी केला न्हवता!"

मी मान खाली घातली. तीच त्यांना नम्रता वाटली.

"आन् वर सोता आलात. खरं सांगू? तुम्ही गाडीवरनं उतरलात तवाच माझा राग गेला व्हता. पर लगेच कसं सांगायचं? मग एवढे दिस धरला कशाला, असं झालं असतं." त्यांनी डोळे पुसले आणि कुंकू लावून घेतलं.

टिंग. मी म्हणालो, "तुमचा मेल आयडी ज्या मोठ्या कंपनीचा आहे, तिनं बाकीचे माझ्या सर्व्हरवरच अडवले असतील, एका माणसाला एवढे कसे म्हणून. ती थोडे थोडे करून घेत राहील. घरी जाऊन बंद करतो."

"आजाबात न्हाई," मारुतराव म्हणाले. "येऊ द्या की. माझंच नाव हाय."

लग्नाला सगळे आले. पप्पूचा टेम्पो पहिला आला. भावकी क्रमानं बसली. खंडोबाला गेलेला मेल त्याच्या डब्यात पोचलाय, एवढं दिसतं. तो अजून कुणी उघडलेला नाही. आप्पा म्हणतात, देवाला उघडावं लागत नाही.

पुण्याचे काका पहिल्या रांगेत होते. सायली पाटावर चढली. मागं मारुतराव, गुलाबी फेटा, तिच्या खांद्यावर हात. मंगलाष्टकं संपत आली, भटजींनी शेवटच्या ओळीआधी श्वास घेतला, सगळं कार्यालय गप्प झालं. आणि त्या शांततेत मामाचा फोन वाजला. टिंग.

मारुतरावांनी एका हातानं खिशातून फोन काढला, नाव वाचलं, आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं माझ्याकडं बघून ओरडले, "आलोय की दाजी! आता आणि किती बोलवता?"

सायली मुंडावळ्यांच्या आड हसत रडायला लागली. अनुपमानं तोंडाला पदर लावला. भटजींनी सावधान म्हटलं, ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही, आणि अक्षता आगेमागेच पडल्या. मामानं फोन मात्र बंद केला नाही.